शटरची स्प्रिंग का तुटते? समुद्राकाठचा गंज, झीज आणि स्प्रिंग बदलण्याची योग्य वेळ

दुकानाचं शटर एका हाताने सर्रकन वर जातं, तोपर्यंत त्याच्या आत काय आहे याचा विचार कुणी करत नाही. मग एखाद्या सकाळी ते जागचं हलत नाही, किंवा अर्ध्यावरून धाडकन खाली येतं. यामागे बऱ्याचदा एकच भाग असतो, तो म्हणजे वरच्या पाईपवर बसवलेली स्प्रिंग.

आजच्या लेखात आपण पाहणार आहोत की ही स्प्रिंग नेमकं काय काम करते, किती टिकते, समुद्राकाठच्या दमट हवेत लवकर का जाते, मोबाईल वापरून ती कशी तपासायची आणि बदलताना काय विचारायचं. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडून नोकरी-धंद्यासाठी मुंबई, पनवेल, रत्नागिरीकडे गेलेली मंडळी कमी नाहीत. गावाकडे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारं शटर तिकडे इतक्या लवकर का कुरकुरतं, याचं उत्तरही इथे मिळेल.

घाईत असाल तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. गंजलेली स्प्रिंग टाईट करून घेऊ नका, बदलून घ्या. आणि ते काम स्वतः करू नका.

## गॅरेज डोअर आणि आपलं शटर

इंटरनेटवर या विषयाची माहिती शोधली की 'गॅरेज डोअर स्प्रिंग' असेच व्हिडिओ येतात. आपल्याकडे 'गाडी गॅरेजला टाकली' म्हणजे दुरुस्तीला दिली. अमेरिकेत मात्र घराला जोडून गाडी ठेवायची खोली असते, तिला गॅरेज म्हणतात. तिचं दार मोठ्या आडव्या फळ्यांचं असतं आणि उघडल्यावर छताखाली सरकतं. त्या दाराला दोन प्रकारच्या स्प्रिंग लागतात. टॉर्शन स्प्रिंग दाराच्या वर दांड्यावर बसते आणि पिळली जाते. एक्स्टेन्शन स्प्रिंग बाजूच्या रुळांना समांतर असते आणि ताणली जाते.

आपल्याकडे गाडीच्या खोलीला असो की किराणा दुकानाला, जास्त करून रोलिंग शटरच असतं. त्याचे मुख्य भाग असे:

- पट्ट्या: एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. यांचाच पडदा तयार होतो.
- पाईप: दोन बाजूंच्या ब्रॅकेटवर क्लॅम्पने घट्ट धरलेला. शटर उघडताना हा फिरत नाही.
- पुली: पाईपवर फिरणारी बिडाची चाकं. शटरची वरची पट्टी यांना जोडलेली असते.
- स्प्रिंग: हिचं एक टोक पाईपला आणि दुसरं पुलीला. एका शटरला सहसा दोन किंवा जास्त स्प्रिंग असतात.
- चॅनेल: दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचा. शटर यांच्यातून सरकतं.

म्हणजे शटर खाली ओढलं की पुली फिरते, पाईप जागेवर राहतो, आणि मधली स्प्रिंग पिळली जाते. गॅरेज डोअरच्या टॉर्शन स्प्रिंगचं तत्त्व हेच आहे. त्यामुळे झीज, गंज आणि धोका यांचं गणित दोन्हीकडे सारखंच लागू पडतं. मात्र उघडण्या-जोडण्याची पद्धत वेगळी असते. अमेरिकेतला व्हिडिओ पाहून आपल्या शटरला हात लावायचा नाही, याचं हे पहिलं कारण.

## स्प्रिंग किती वजन उचलते?

चला, एक सोपा हिशेब करू. शटरच्या पट्ट्यांचा पत्रा १.२५ मि.मी. जाडीचा धरला, तर १ चौ.मी. सपाट पत्र्याचं वजन साधारण ९.८ किलो भरतं. पट्ट्यांना घड्या असल्याने खरं वजन याहून जास्तच असतं. पण कमीत कमी धरलं तरी ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच शटर, म्हणजे ७.५ चौ.मी., सुमारे ७३ किलोचं होतं.

हे ७३ किलो कॉलेजला जाणारं पोरगं एका हाताने कसं उचलतं? ते उचलत नाही, स्प्रिंग उचलते. शटर खाली असताना पूर्ण वजन लोंबकळत असतं आणि स्प्रिंगही सगळ्यात जास्त पिळलेली असते. शटर वर गुंडाळलं जातं तसं लोंबणारं वजन कमी होत जातं आणि स्प्रिंगचा पीळही सुटत जातो. दोघांची जोडी जमली की हाताला फक्त थोडा धक्का द्यावा लागतो.

केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या, तांत्रिक नियमांतही हेच अपेक्षित आहे: आधीच पीळ देऊन बसवलेल्या स्प्रिंगने वजन तोलावं आणि शटर अर्धवट उघडं ठेवलं तरी जागेवर थांबावं. त्याच नियमांनुसार १० चौ.मी.पर्यंतचं शटर हाताने ढकलायचं असतं. त्याहून मोठ्या शटरला साधारणपणे साखळी किंवा हँडलवर चालणारा गिअर लावतात.

आता धोक्याचं गणित. शटर बंद असताना वरच्या हिशेबातल्या स्प्रिंगमध्ये मिळून किमान ९०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ५० किलोची सिमेंटची गोणी माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून पडली, तर जेवढा दणका बसेल तेवढी ही ऊर्जा आहे. शटर पूर्ण उघडल्यावरही सुरुवातीचा पीळ शिल्लक असतोच. म्हणजे ही स्प्रिंग कधीच पूर्ण 'मोकळी' नसते.

## स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत नाही, फेऱ्यांत मोजतात

तुमच्या मोबाईलच्या बॅटरीला 'सायकल काउंट' असतो ना? स्प्रिंगचंही तसंच आहे. एकदा उघडणं आणि एकदा बंद करणं मिळून एक फेरी. प्रत्येक फेरीत तारेवर ताण चढतो आणि उतरतो. हजारो वेळा असं झालं की तारेत सूक्ष्म तडा जातो, तो हळूहळू वाढतो आणि एक दिवस स्प्रिंग 'खाड्' आवाज करून तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात.

अमेरिकेतल्या साध्या गॅरेज डोअर स्प्रिंगसाठी १०,००० फेऱ्या हा रूढ आकडा आहे. आपल्या गल्लीत मिळणाऱ्या शटरच्या स्प्रिंगवर असा आकडा छापलेला सहसा दिसत नाही. तरी अंदाजासाठी तोच धरू:

- घरची गाडी: रोज ४ फेऱ्या, वर्षाला १,४६० फेऱ्या. स्प्रिंग टिकेल सुमारे ७ वर्षं.
- दुपारी बंद राहणारं दुकान: रोज २ फेऱ्या, वर्षात ३१० दिवस, म्हणजे ६२० फेऱ्या. स्प्रिंग टिकेल सुमारे १६ वर्षं.

या हिशेबाने दुकानाच्या शटरची स्प्रिंग दीड दशक चालायला हवी. कोरड्या हवेत आणि तेलपाणी नीट असेल तर असं होऊही शकतं. पण समुद्राकाठी हा हिशेब कोलमडतो, कारण तिथे फेऱ्यांसोबत गंजही काम करत असतो.

## समुद्राकाठी वेगळं काय होतं?

विदर्भातल्या वाचकांना हे समजायला सोपं उदाहरण म्हणजे घरचा कूलर. वर्ध्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बाहेरच्या लोखंडी खाटेला काही होत नाही, पण कूलरचा पत्रा मात्र पाण्याच्या टाकीजवळ काही उन्हाळ्यांतच सडतो. हवा तीच आणि लोखंडही तेच. फरक दोन गोष्टींचा आहे: पृष्ठभाग सतत ओला राहणं, आणि त्या पाण्यात विरघळलेले क्षार. कोकणातली शटरची स्प्रिंग जवळजवळ बाराही महिने अशा 'कूलर'मध्ये राहते.

पहिलं कारण, आर्द्रता. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या गंजण्याला वेग येतो. वर्ध्यात मे महिन्याच्या दुपारी ती २५ टक्क्यांच्या खाली गेली तर कुणाला नवल वाटत नाही. मुंबईत जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर मुक्काम ठोकून असते. पाऊसही पाहा. वर्ध्यात वर्षाला साधारण १,००० मि.मी. पडतो, तर रत्नागिरीत ३,००० मि.मी.हून जास्त.

दुसरं कारण, मीठ. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक कण वाऱ्यावर उडतात आणि पत्र्यावर, तारेवर बसतात. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं. ते साधारण ३३ टक्के आर्द्रतेपासूनच हवेतलं पाणी ओढून घेतं. खाण्याच्या मिठाला त्यासाठी सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते. म्हणजे हाताला कोरडी वाटणारी स्प्रिंगसुद्धा मिठाच्या थराखाली ओलीच असते. शिवाय क्लोराईडमुळे गंज सगळीकडे सारखा लागत नाही. तो जागोजागी खोल खड्डे पाडतो.

तिसरं कारण, आडोसा. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाहेरच्या पट्ट्यांवरचं मीठ पावसाने निदान धुऊन तरी जातं. वरच्या कव्हरमध्ये लपलेल्या स्प्रिंगपर्यंत पाऊस पोचत नाही, खारी हवा मात्र पोचते. तिथे मीठ साचत राहतं. त्यामुळे बाहेरून रंगवलेलं, चकचकीत शटरसुद्धा आतून सडलेलं असू शकतं.

तामिळनाडूत कराईकुडी इथे केंद्र सरकारची विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे. तिने भारताचा गंज-नकाशाच तयार केला आहे. गंजाच्या बाबतीत प्रत्येक गावाची हवा वेगळी असते, हे त्यावरून लक्षात येतं. किनाऱ्यापासून जसं आत जावं तसं हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. म्हणून मालवण, अलिबाग, वर्सोवा इथे समुद्राला लागून असलेल्या दुकानाचा आणि काही किलोमीटर आतल्या दुकानाचा अनुभव वेगळा असतो.

पूर आला तर आणखी वेगळा प्रश्न. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा पुरानंतर चॅनेलमध्ये आणि पट्ट्यांच्या घड्यांत चिखल बसतो, शटर अडकतं, आणि जोर लावून ओढताना ताण स्प्रिंगवर येतो. पाणी ओसरल्यावर आधी चॅनेल साफ करायचं आणि मगच शटर हलवायचं.

## गंजाचा हिशेब: एका केसाएवढा थर, पण फरक केवढा!

आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे गंजाच्या तीव्रतेनुसार वर्ग पाडले आहेत. उघड्या ठेवलेल्या साध्या पोलादाची पहिल्या वर्षात किती झीज होते, ते त्यात असं दिलंय:

- सी२: १.३ ते २५ मायक्रॉन
- सी३: २५ ते ५० मायक्रॉन
- सी४: ५० ते ८० मायक्रॉन
- सी५: ८० ते २०० मायक्रॉन

समुद्रापासून दूरची कोरडी गावं साधारण सी२-सी३ मध्ये मोडतात, तर खाऱ्या वाऱ्यातले किनारे सी४-सी५ मध्ये. स्प्रिंग कव्हरखाली असते, तिला तेलही असतं, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण दिशा कळायला पुरेसे आहेत.

समजा तार ५ मि.मी. जाडीची आहे आणि गंजाने चारही बाजूंनी ०.१ मि.मी., म्हणजे १०० मायक्रॉन थर खाल्ला. तार आता ४.८ मि.मी. राहिली. जाडी फक्त ४ टक्क्यांनी घटली. पण अशा स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ०.९६ चा चौथा घात काढा, उत्तर येतं ०.८५. म्हणजे जोर १५ टक्के कमी! ७३ किलोतले अकराएक किलो आता तुमच्या हातावर आले.

हे झालं गंज सगळीकडे सारखा लागला असं धरून. प्रत्यक्षात मिठाचा गंज खड्डे पाडतो आणि ताण नेमका त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो. थकव्याचा तडा तिथूनच सुरू होतो. कोरड्या हवेत पोलादाला एक ठराविक मर्यादा असते, ताण त्याखाली असेल तर ते फार मोठ्या संख्येने फेऱ्या सोसतं. खाऱ्या पाण्यात ही मर्यादाच उरत नाही. म्हणून किनाऱ्यावरची स्प्रिंग फेऱ्यांचा कोटा संपायच्या कितीतरी आधी तुटू शकते.

## 'टाईट करून द्या' हा इलाज कुठे चुकतो?

शटर जड झालं की आपण शटरवाल्याला बोलावतो आणि म्हणतो, "स्प्रिंग जरा टाईट करून द्या." तो क्लॅम्प सैल करतो, पाईप पान्याने पाईप एक-दोन आटे फिरवतो आणि पुन्हा क्लॅम्प आवळतो. शटर लगेच हलकं होतं. काम स्वस्तात होतं, सगळे खूश.

चांगली, बिनगंजाची स्प्रिंग नुसती सैल पडली असेल तर हा इलाज बरोबर आहे. पण तार गंजून बारीक झालेली असेल तर आपण उलटं करतोय. वरच्या उदाहरणातल्या ४.८ मि.मी. तारेकडून जुन्या तारेएवढाच जोर काढायचा म्हटला, तर तिच्यावरचा ताण सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. आधीच खड्डे पडलेल्या तारेवर हा जादा ताण रोज, प्रत्येक फेरीला. शटर हलकं झालं म्हणजे ते दुरुस्त झालं असं नाही, उलट तुटण्याची तारीख जवळ आली.

आणि ती तारीख कुणावर येईल सांगता येत नाही. पहाटे दूध-पेपरसाठी शटर उचलणारे बाबा, दुकानातला नवा पोरगा, अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत जाणारं गिऱ्हाईक. म्हणून टाईट करायला सांगण्याआधी कव्हर उघडून स्प्रिंग दाखवायला सांगा. तारेवर पापुद्रे किंवा खड्डे दिसले तर विषय संपला, स्प्रिंग बदलायची.

## मोबाईल घेऊन १० मिनिटांत तपासणी

स्प्रिंगला हात न लावता बरंच काही कळतं. मोटर असेल तर तिचा वीजपुरवठा आधी बंद करा.

१. झूम करून फोटो: शटर पूर्ण खाली असताना आतून, जमिनीवर उभं राहून टॉर्च लावा आणि स्प्रिंगचे फोटो काढा. वेटोळ्यांमध्ये मोकळी फट दिसतेय का, तांबूस भुकटी किंवा पापुद्रे आहेत का, ते मोठं करून पाहा. पूर्ण कव्हर असेल तर ते शटरवाल्याकडूनच उघडून घ्या.

२. स्लो-मो व्हिडिओ: मित्राला बाजूला उभं करून शटर वर जाताना शूट करा. एक बाजू आधी आणि दुसरी मागून जात असेल, तर एका बाजूची स्प्रिंग कमजोर किंवा तुटलेली असू शकते.

३. लेव्हल ॲप: फोन चॅनेलला उभा टेकवा. चॅनेल सरळ नसेल तर शटर घासतं. तो दोष स्प्रिंगचा नाही आणि स्प्रिंग टाईट करून तो जाणार नाही.

४. आवाज: रेकॉर्डिंग करून ठेवा. दर तीन महिन्यांनी नवं रेकॉर्डिंग जुन्याशी ताडून पाहा. करकर वाढली की कोरडेपणा किंवा गंज वाढतोय.

५. थांबवून पाहणं: शटर गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं उघडून हळूच सैल सोडा. ते जागेवर थांबायला हवं. आपोआप खाली घसरत असेल तर जोर कमी पडतोय. हे करताना पाय आणि हात शटरखाली नकोत. स्प्रिंग तुटल्याचा संशय असेल तर ही तपासणी करूच नका.

फोटोंचा एक अल्बम तारखेसह ठेवा. सहा महिन्यांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवले की गंज किती सरकला ते दिसतं.

## स्प्रिंग कशी बदलतात?

हे वाचून स्वतः करायचं नाही. शटरवाला नीट काम करतोय की उरकतोय, ते कळावं म्हणून हे माहीत असू द्या. काम किमान दोन माणसांचं आहे.

- आधी शटर गुंडाळून दोराने किंवा साखळीने पक्कं बांधतात, म्हणजे ते उलगडणार नाही.
- क्लॅम्प सैल करण्याआधी पाईपला पाना लावून पकड घेतात. मग उरलेला पीळ एकेक टप्प्याने सोडतात. सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. पाना सुटला तर तो गरागरा फिरतो.
- पीळ पूर्ण सुटल्यावर शटर पुलीपासून मोकळं करून पाईप खाली उतरवतात.
- पुली काढून जुन्या स्प्रिंग बाहेर काढतात. पाईप आणि पुलीवरचा गंज घासून ग्रीस लावतात.
- नव्या स्प्रिंग बसवून पाईप वर चढवतात, शटर जोडतात आणि मोजून पीळ देतात.
- शेवटी शटर तीन-चार उंचींवर थांबवून तोल तपासतात.

काम चालू असताना शिडीखाली आणि शटरसमोर कुणी उभं राहू नये. दुकान चालू ठेवून 'बाजूने जा' म्हणणं नको.

## नवीन स्प्रिंग घेताना हे विचारा

तार कोणती आहे? रोलिंग शटरसाठी भारतीय मानक आयएस ६२४८ आहे. सीपीडब्ल्यूडीच्या नियमांत स्प्रिंगसाठी आयएस ४४५४ भाग १ प्रमाणे उच्च ताण सोसणारी पोलादी तार सांगितली आहे. बिलावर तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि मटेरियल लिहून घ्या. पुढच्या वेळी हीच माहिती कामी येते.

वर कोटिंग आहे का? किनाऱ्यावर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर असलेली तार फायद्याची. आयएसओच्या त्याच सी५ वर्गात पोलाद वर्षाला ८० ते २०० मायक्रॉन झिजतं, तर जस्त फक्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन. पण हा थर तारेवर आधीपासून असायला हवा. तयार स्प्रिंग नेऊन गॅल्व्हनाइजिंगच्या टाकीत बुडवून आणू नका. त्याआधीच्या ॲसिडच्या धुलाईत पोलादात हायड्रोजन शिरू शकतो आणि स्प्रिंग ठिसूळ होते.

स्टेनलेस चालेल का? चालेल, पण 'आहे तोच साईझ स्टेनलेसमध्ये द्या' असं नको. स्टेनलेस तार साध्या पोलादापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी ताठ असते, म्हणून जाडी किंवा वेटोळी नव्याने ठरवावी लागतात. समुद्राला अगदी लागून असाल तर ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड खाऱ्या हवेत जास्त टिकतो.

सगळ्या स्प्रिंग बदलताय ना? एक तुटली म्हणजे बाकीच्याही तेवढ्याच वयाच्या आणि तेवढ्याच गंजलेल्या आहेत. एकच बदलली तर नवी-जुनीचा जोर जुळत नाही आणि शटर तिरकं चालतं.

## देखभालीचं वेळापत्रक

कॅलेंडर ॲपमध्ये तीन रिमाइंडर लावून टाका.

- मे अखेर, पावसाआधी: चॅनेल साफ करा. स्प्रिंग, पुलीला शटरवाल्याकडून तेल-ग्रीस लावून घ्या. वरच्या कव्हरला भोक किंवा फट असेल तर बुजवा.
- गणपतीच्या सुमारास: फोटो तपासणी. पट्ट्या गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या करा. पाण्याचा फवारा स्प्रिंगवर मारू नका.
- खंडेनवमीला: तसंही त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि शटरला झेंडूचा हार चढतो. हार घालण्याआधी पूर्ण तपासणी करून घ्या.

वर्ध्याकडच्या लोकांसाठी यादी तीच, फक्त शत्रू वेगळा. आपल्याकडे धूळ, आणि हिंगणघाट-पुलगावसारख्या कापसाच्या गावांत जिनिंगजवळ रुईचे तंतू. धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं घासणारं मिश्रण होतं. म्हणून नुसतं वरून तेल ओतत राहू नका, आधी जुनं पुसून काढा. आणि कूलरचा ओला झोत शटरच्या कव्हरकडे जाणार नाही असं पाहा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्प्रिंग तुटली आणि शटर बंद आहे. जोर लावून उघडू का?
नाही. पूर्ण वजन हातावर येईल आणि हात सुटला की शटर खाली येईल. आत कुणी अडकलं असेल आणि दुसरं दार नसेल, तर पुरेशी माणसं घेऊन उचला, खाली मजबूत टेकू द्या आणि मगच बाहेर या.

शटर उघडं असताना तुटली तर?
खाली ओढू नका. शटरखालून येणं-जाणं थांबवा आणि शटरवाल्याला फोन करा.

मोटर बसवली की स्प्रिंगची कटकट संपते का?
पाईपवर मध्ये बसणारी मोटर सहसा स्प्रिंग असलेल्या शटरलाच लावतात, कारण वजन स्प्रिंगच तोलते. स्प्रिंग कमजोर झाली की मोटर जास्त ताण घेते, तापते आणि लवकर जळते. वाय-फाय रिमोटच्या ॲपवर 'ओपन' दिसतं, पण स्प्रिंग गंजलीय हे त्या ॲपला कळत नाही.

डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल?
ओल हटवायला आणि अडकलेला भाग सोडवायला ते चांगलं. पण त्याचा थर पातळ असतो. खाऱ्या हवेत टिकायला त्यावर ग्रीस किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे लागतो.

गंज घासून रंग दिला तर स्प्रिंग पुन्हा चांगली होईल?
नाही. गेलेली जाडी आणि पडलेले खड्डे रंगाने भरून येत नाहीत. उलट रंगाखाली तडा दिसेनासा होतो.

माझा भाऊ अमेरिकेत आहे, त्यांच्या दाराला तर सेन्सर आहे...
तिथे १९९३ पासून बनलेल्या घरगुती ऑटोमॅटिक ओपनरना, दाराखाली कुणी आलं तर दार थांबून उलट फिरण्याची सोय सक्तीची आहे. ती सोय ओपनरची. स्प्रिंग तुटणं ती रोखू शकत नाही, त्यामुळे तपासणी तिथेही करावीच लागते.

मित्रांनो, आज संध्याकाळी दुकान बंद झालं की टॉर्च लावून एक फोटो काढा आणि झूम करून पाहा. तारेवर नुसती तांबूस झाक असेल तर तेल-ग्रीसचं काम आहे. पापुद्रे सुटत असतील तर शटरवाल्याला उद्याच बोलवा, आणि बोलावताना 'टाईट करायचंय' नाही, 'बदलायचंय' असं सांगा. तुमच्या ओळखीत रोज पहाटे शटर उचलणारं कुणी असेल तर त्यांना हा लेख नक्की पाठवा.